पहिल्या गोधडीला अस्तर कुठलं घ्यायचं आणि किती घ्यायचं

गोधडीचा वरचा भाग करताना आपण केवढा जीव लावतो, तुकडे जमवतो, रंगाला रंग लावून बघतो, दहा वेळा मांडतो आणि मोडतो. आणि अस्तराची, म्हणजे सगळ्यात खालच्या थराची, वेळ आली की कपाटात जी पडून असेल ती चादर ओढतो, नाहीतर दुकानात जाऊन "कुठलंही कॉटन द्या पाच मीटर" म्हणून मोकळे होतो. मला हे अजिबात पटत नाही. कारण रात्री अंगाला लागतं ते अस्तर, आणि हाताने शिवताना प्रत्येक टाक्याला सुई ज्यातून खाली जाते आणि परत वर येते तेही अस्तरच. नव्याने शिकणाऱ्या कितीतरी जणींची पहिली गोधडी अर्धवट राहिलेली मी बघितलीये आणि दरवेळी हातात घेऊन बघितलं की कळतं, टाके चुकत नव्हते, खालचं कापडच इतकं घट्ट होतं की बोटं दुखून शेवटी सोडून दिलं. म्हणून अस्तर सुईसाठी आणि अंगासाठी निवडायचं, दिसणं त्यानंतर.

आधी वरचा भाग पूर्ण करा, मगच अस्तर घ्यायला जा. हे अगदी पाळाच. कारण पाच बाय सात फूट ठरवलेली गोधडी शिवता शिवता चार-पाच इंचांनी कमी-जास्त होतेच, आणि आधीच आणून ठेवलेलं कापड मग नेमकं वीतभर कमी पडतं, परत दुकानात गेलं की तो ताका संपलेला असतो. वरचा भाग जमिनीवर सपाट अंथरा, हाताने सुरकुत्या काढा, आणि लांबी-रुंदी दोन्ही तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कडांना आणि मधे. जे माप सगळ्यात मोठं येईल ते धरा.

आता त्या मापात चारी बाजूंनी तीन-तीन इंच वाढवायचे, म्हणजे लांबीत सहा आणि रुंदीत सहा. हाताने धावदोरा घालताना कापड हळूहळू आत ओढलं जातं, तिन्ही थर (वरचा भाग, मधला थर आणि अस्तर) थोडे सरकतात, आणि कडेला आलं की अस्तर आत गेलेलं दिसतं. हे तीन इंच त्यासाठी. मशीनवर क्विल्टिंग करून घेणार असाल तर चार इंच ठेवा.

हिशेब एकदा करूनच दाखवते कारण इथेच सगळे अडतात. समजा वरचा भाग 60 बाय 84 इंच, म्हणजे पाच बाय सात फूट, एका माणसाची गोधडी. अस्तर लागणार 66 बाय 90. दुकानात साधं कॉटन मिळतं ते बहुतेक 44 इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, त्यात दोन्हीकडचे काठ कापून आणि धुतल्यावर आटून हातात 42 धरा. म्हणजे एका पन्ह्यात काही होत नाही, दोन पट्टे उभे जोडायला लागतात. एक पट्टा 90 इंच, आटण्यासाठी पाच टक्के वाढवले की साधारण 95, दोन पट्ट्यांचे 190 इंच, म्हणजे पावणेपाच मीटरच्या वर, पाच मीटर घ्या. आता तेच कापड 58 इंची पन्ह्यात मिळालं तर आडवं जोडायचं, 66 चे दोन तुकडे, आटणं धरून 140 इंच, म्हणजे पावणेचार मीटरमध्ये काम होतं. मीटरचा भाव जास्त दिसला तरी एकूण पैसे करून बघा, बरेचदा मोठा पन्हा स्वस्त पडतो. त्यामुळे दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "भाव काय" नाही, "पन्हा किती" हा विचारायचा, आणि सांगितलेल्या आकड्यावर न जाता टेप काढून काठापासून काठापर्यंत स्वतः मोजायचं. 44 सांगितलेलं 42 निघतं, आणि काही दुकानं अजून वाराने मोजतात, वार 36 इंचाचा आणि मीटर 39 इंचाच्या वर, पाच मीटरला यात सोळा-सतरा इंचांचा फरक पडतो, तेवढ्यात अस्तर अपुरं राहतं.

अगदी पहिल्यांदाच करत असाल तर बाळाचं दुपटं करा ना. 36 बाय 36 चं दुपटं, अस्तर 42 बाय 42, 44 इंची पन्ह्यात बिनजोड बसतं, सव्वा मीटर कापड पुरतं. चुकलं तरी फार काही वाया जात नाही.

कापड कुठलं? माझं उत्तर ठरलेलं आहे, शुद्ध सुती, मध्यम विणीचं, धुवून मऊ होणारं. केंब्रिक सगळ्यात सोपं. मऊसर पॉपलिन चालतं पण हात लावून घ्या, काही पॉपलिन फार घट्ट येतं. मलमल अंगाला सुंदर लागते आणि सुई लोण्यासारखी जाते, फक्त मधे जुन्या साड्या किंवा सुती चादर असेल तरच, कारण मधे पॉलिएस्टरचं वॅडिंग (मऊ भरावाचा थर) घातलं तर त्याचे तंतू मलमलीच्या विरळ विणीतून हळूहळू बाहेर येतात आणि गोधडीला लव फुटल्यासारखं दिसतं. मांजरपाट स्वस्त असतं, टिकतं, पण त्यात खळ (कडकपणासाठी लावलेली कांजी) भरपूर असते आणि धुतल्यावर चांगलंच आटतं, त्यामुळे घ्यायचं तर जास्त घ्या आणि दोनदा धुवा. टेरिकॉट (पॉलिएस्टर-सूत मिश्र कापड) नको, घाम शोषत नाही आणि वरच्या सुती भागाखाली सरकत राहतं. सोलापुरी चादर अस्तराला लावायचा मोह होतो कारण रंग छान असतात, पण ती वीण जाड, वर दोन थर आणि खाली सोलापुरी म्हणजे सुई बाहेर काढायला पक्कड लागेल.

बेडशीट लावू का, असं हमखास विचारतात. लावा, डबल बेडशीट साधारण 90 बाय 100 इंचाची येते, वरच्या मापाला जोड न देता पुरते, हा मोठा फायदा. पण पाकिटावर तीनशे-चारशे थ्रेड काउंट (एका चौरस इंचातले धागे) लिहिलेली गुळगुळीत चादर हाताने शिवायला घेऊ नका, ती झोपायला छान आणि सुईला वाईट. साधी, थोडी सैल विणीची, शंभर टक्के कॉटन लिहिलेली घ्या. घरातली चार वर्षं वापरलेली चादर तर नव्यापेक्षा चांगली.

आता दुकानातल्या परीक्षा. मी पर्समध्ये एक सुई आणि दोरा ठेवते. कापड आवडलं की म्हणते, "दादा, याचीच एखादी चिंधी असेल तर द्या ना." चिंधी चौपदरी करायची आणि चार-पाच टाके घालून बघायचे. सुई शांतपणे गेली तर ठीक. प्रत्येक वेळी टक् टक् आवाज येत असेल आणि बोटाच्या टोकावर सुईचं नेढं रुतत असेल तर ते कापड कितीही सुंदर असू दे, परत ठेवा, कारण असे हजारो टाके घालायचेत. बहुतेक दुकानदार हे बघून चिडत नाहीत, उलट काय शिवताय विचारतात आणि आतला दुसरा ताका काढून दाखवतात.

दुसरं, कापडाचा कोपरा दोन बोटांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग एकदम लुळा झाला तर जो भरदारपणा वाटत होता तो खळीचा होता, धुतल्यावर कापड विरविरीत होणार. मग उजेडाकडे धरून बघा, मलमल सोडली तर, मागे धरलेल्या हाताची बोटं मोजता येत असतील तर अस्तराला पातळ आहे. आणि कॉटन आहे की मिक्स अशी शंका असेल तर घरी आणलेल्या चिंधीतला एक धागा चिमट्यात धरून जाळा, सुताची राख होते आणि जळक्या कागदासारखा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हे सिंकपाशी करा, आणि पूर्ण कापड घ्यायच्या आधी करा, म्हणजे आज चिंधी न्यायची आणि उद्या कापड.

पुण्यात असाल तर रविवार पेठेत कापडगंजला, मुंबईत मंगळदास मार्केटला एक चक्कर मारा, ताक्यावर ताके असतात आणि एकाच प्रकारचं कापड दहा ठिकाणी हात लावून बघता येतं. इचलकरंजी, मालेगावकडे कोणी नातेवाईक असेल तर त्यांना सांगा, तिथे यंत्रमागाचं साधं सुती कापड चांगलं मिळतं. ऑनलाइन घ्यायचं तर पहिल्यांदा अर्धा मीटर मागवा, चोळून, धुवून, शिवून बघा आणि मग बाकीचं. परदेशात असणाऱ्यांना एक सोय आहे जी आपल्याकडे सहज नाही, तिथल्या क्विल्टिंगच्या दुकानात खास अस्तरासाठी 108 इंच रुंद कापड मिळतं, ते दोन यार्ड घेतलं की वरच्या मापाची गोधडी बिनजोड होते.

रंगाचं थोडक्यात. पहिल्या गोधडीला प्लेन अस्तर घेऊ नका. टाके लहान-मोठे होणारच, प्लेन कापडावर ते एकेक उठून दिसतात आणि मन खट्टू होतं. बारीक फुलांचं, भरगच्च प्रिंट घ्या, टाके त्यात मिसळून जातात. पट्टे आणि चौकडा टाळा, जोडताना आणि अंथरताना जरा तिरकं झालं की लगेच कळतं. वरच्या भागात पांढरे तुकडे बरेच असतील आणि मधला थर पातळ असेल तर गडद अस्तर आरपार दिसतं, तेही बघा. प्रिंट धाग्याला धरून सरळ छापलंय का हेही ताका उलगडून बघून घ्या, दुकानदार कापड फाडून देतात ते धाग्यावर सरळ फाटतं आणि प्रिंट तिरकं असेल तर कडेला दोन-तीन इंच जातात.

आणि आता माझ्या सगळ्यात जवळची गोष्ट, जुनी साडी. नवीन कापड घ्यायच्या आधी घरातलं कपाट उघडा. आपल्या गोधडीचं, वाकळीचं अस्तर पिढ्यान्‌पिढ्या जुन्या लुगड्याचंच होतं, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकाही त्यांची गोधडी, कवंदी, अशीच साडीवर तुकडे लावत शिवतात. नऊवारी सव्वाआठ मीटरची, म्हणजे 324 इंच, तिचे 90 इंची तीन तुकडे निघतात, दोन जोडले की अस्तर आणि तिसरा मधल्या थरात. आटायचं ते कधीच आटून झालेलं, खळ गेलेली, रंग जायचा तो गेलेला. माझ्या आजीचं हिरवं इरकली सुती लुगडं मी असंच वापरलं, त्याच्या एका कोपऱ्यात तिने स्वतः केलेलं रफू होतं, इतकं बारीक की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हतं, ते मी मुद्दाम उशाकडे येईल असं ठेवलं. पण प्रेमापोटी विरलेली साडी लावू नका हं. उजेडात धरा, बसायच्या जागी आणि खालच्या काठाशी कापड आधी झिजतं, तिथे दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा, चर्र आवाज आला तर तो भाग मधल्या थरात घाला. सिंथेटिक साडी आणि जरीचा काठ अस्तराला नको, जरीचा धागा टोचतो, बाळाच्या दुपट्याला तर अजिबात नको.

कापड घरी आलं की कापायच्या आधी धुवायचं. याला पर्याय नाही. भाचीच्या बाळासाठी केलेल्या दुपट्याला मी मरून रंगाचं अस्तर न धुता लावलं होतं, पहिल्याच धुण्यात वरच्या सगळ्या पांढऱ्या तुकड्यांवर गुलाबी डाग आले, तीन आठवड्यांचं काम होतं, भाची काही बोलली नाही पण मला फार लागलं ते. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी पाणी बघा, रंग सुटला असेल तर पाणी स्वच्छ येईपर्यंत परत परत धुवा. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, त्यावर विसंबू नका. ओल्या कापडावर पांढरा रुमाल दाबून घासा, रुमाल पांढरा राहिला तरच ते वापरा. सावलीत वाळवा आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा.

मग जोड. दोन्ही पट्ट्यांचे काठ आधी कापून टाका, काठाची वीण घट्ट असते, तो शिवणीत राहिला की तिथे कापड चुण्या धरतं. अर्धा इंच आत शिवण घाला, आणि शिवण दोन्हीकडे उघडून इस्त्री करा म्हणजे हाताने शिवताना तिथे जाड लागत नाही. जोड बरोबर मधोमध आणू नका, गोधडी रोज तिथेच दुमडते आणि ती रेघ आधी झिजते. वरच्या हिशेबात दोन पट्टे जोडून 83 इंच रुंदी येते आणि हवी 66, तर जास्तीचे सतरा इंच सगळे एकाच बाजूने कापा, जोड आपोआप एका अंगाला सरकतो.

तो सतरा इंची पट्टा जपून ठेवा. त्यातून अडीच इंच रुंदीच्या चार पट्ट्या कापल्या की 90 इंची चार, म्हणजे 360 इंच होतात, आणि गोधडीच्या चारी कडा मिळून 288. किनारीला वेगळं कापड आणायला लागत नाही.