जिलबीच्या दोन टाळ्या

इंदूरच्या एका बालवाडीत मी रुजू झाले, तेव्हा मुलांना वाचनाआधी शब्दांतले ध्वनी ऐकायची सवय लावायची असते, हे मला ठाऊक होते. पण मी स्वतःच ऐकत नव्हते, हे कळायला सहा महिने लागले.

शब्दाचे तुकडे करून टाळ्या वाजवण्याचा खेळ तुम्हाला माहीत असेलच. मी ‘जिलबी’ हा शब्द दिला आणि साडेचार वर्षांच्या एका मुलीने दोन टाळ्या वाजवल्या. अक्षरे तीन, म्हणून मी तिला तीन टाळ्या वाजवायला लावल्या. चूक माझी होती. आपण ‘जिल-बी’ म्हणतो. ‘ल’मधला ‘अ’ लिहिताना असतो, बोलताना गळतो. म्हणूनच ‘घर’ या शब्दाला एकच टाळी, ‘कमळ’ला दोन आणि ‘राजवाडा’ला तीन, कारण आपण ‘राज-वा-डा’ म्हणतो. वाचता येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे अक्षरे उभी राहतात आणि तो तीच मोजतो. ज्याला अजून वाचता येत नाही, ते मूल मात्र खरोखर ऐकत असते. त्या मुलीने पुढे कित्येक दिवस नवा शब्द आला की आधी माझ्या हातांकडे पाहिले आणि मगच टाळी वाजवली. ते आठवले की आजही मला वाईट वाटते.

यातून मला बाहेर काढले ते आठवडाभर माझ्या वर्गात मागे बसून राहिलेल्या एका ज्येष्ठ ताईंनी. डोळे मिटा, हनुवटीखाली हात धरा आणि शब्द म्हणा, असे त्यांनी सांगितले. हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितक्या टाळ्या. दोन दिवसांच्या प्रशिक्षणापेक्षा असे वर्गात बसणारे माणूस शोधावे, असे माझे ठाम मत आहे. सुरुवातीला ‘पोहे’, ‘केळी’, ‘बटाटा’ असे शब्द घ्यावेत, कारण त्यांत अक्षरे आणि टाळ्या जुळतात.

भिंतीवरचा अक्षरतक्ता आणि मोबाइलवरचे खेळ यांना या कामाचा जवळचा रस्ता समजू नका. तक्ता घोकणारे मूल पालकांना हुशार वाटते, पण ‘बस’ मोठा शब्द की ‘फुलपाखरू’, असे विचारल्यावर तेच मूल ‘बस’ म्हणते, कारण ते अजून वस्तूचाच विचार करत असते. घाबरू नका; यमकांची गाणी आणि रोजची दहा मिनिटे यांनी हे हळूहळू बदलते. ‘क’मधून ‘क्’ आणि ‘अ’ वेगळे करणे मात्र या वयात मागू नये; ते पुढे बाराखडी शिकताना उमगू लागते. मूल वारंवार ‘काय?’ विचारत असेल किंवा त्याचे कान सतत फुटत असतील, तर आधी श्रवणतपासणी करून घ्यावी.

पहिला ध्वनी ओळखण्याच्या खेळातही हीच फसगत दुसऱ्या रूपाने येते. ‘चाक’ आणि ‘चिमणी’ यांत अक्षर एकच, पण मराठीत ध्वनी दोन. त्यात आपल्या मुलांच्या कानांवर घरी मराठी आणि गल्लीत हिंदी पडते, त्यामुळे काही मुले ‘चाक’मधला ‘च’ हिंदीसारखा उच्चारतात. दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी आहे का, या प्रश्नाला एका मुलाने ‘हो’ आणि दुसऱ्याने ‘नाही’ म्हटले, तर कोणालाही चूक ठरवण्याआधी दोघांकडून ते शब्द पुन्हा म्हणवून घ्यावेत.