लघवीवरचा ताबा सुटतो तेव्हा काय करावे

खोकताना, शिंकताना किंवा जड वस्तू उचलताना थोडी लघवी कपड्यात होते, हे अनेक जण वर्षानुवर्षे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. वय झाले की असे व्हायचेच, ही समजूत चुकीची आहे. योग्य उपायांनी बहुतेकांचा त्रास कमी होतो.

प्रथम त्रासाचा प्रकार ओळखावा. पोटावर दाब येताच लघवी गळत असेल, तर मूत्रमार्गाला आधार देणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बहुधा सैल पडलेले असतात. बाळंतपणानंतर असे पुष्कळदा होते, आणि प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) शस्त्रक्रियेनंतर पुरुषांनाही हा त्रास होतो. एकाएकी जोराची घाई होऊन धीर निघत नसेल, तर मूत्राशय पुरेसे भरण्याआधीच आकुंचन पावत असते. दोन्ही त्रास एकत्रही असू शकतात.

हे कळण्यासाठी सलग 3 दिवस लघवीची वेळ, मोजलेले प्रमाण आणि गळती कधी झाली याची वहीत नोंद ठेवावी. ‘सकाळी 10.20, 90 मिलिलिटर, दाराचे कुलूप उघडताना गळली’ एवढी साधी नोंदही डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जाते, कारण मूत्राशयात सहज 300 ते 400 मिलिलिटर लघवी मावते; म्हणजे इथे ते पुरेसे भरण्याआधीच घाई झाली.

स्नायूंच्या व्यायामात घाई करू नये. वायू रोखताना आपण जे स्नायू आवळतो, तेच श्वास न कोंडता आणि मांड्या-नितंब सैल ठेवून 5 सेकंद आवळावेत व तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. असे 8 वेळा, दिवसातून 3 दा, किमान 3 महिने करावे. पहिल्या पंधरवड्यात फरक दिसला नाही म्हणून बहुतेक जण सोडून देतात, आणि तिथेच नुकसान होते. लघवी करताना मात्र ती मध्येच थांबवण्याची सवय लावू नये.

घाईचा त्रास असल्यास धावत सुटू नये; जागीच थांबून हेच स्नायू आवळावेत, कळ ओसरू द्यावी आणि मग शांतपणे जावे. दोन खेपांमधले अंतर 10-15 मिनिटांनी वाढवत किमान 6 आठवडे हा सराव करावा.

भीतीपोटी पाणी तोडू नये, कारण त्याने लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढू शकतो आणि बद्धकोष्ठतेची भर पडते. चहा-कॉफी मात्र कमी करून पाहावी.

लघवीतून रक्त जाणे, जळजळ किंवा ताप असल्यास लगेच तपासून घ्यावे. लघवी अडकल्यास, किंवा जांघेत बधिरपणा आणि पायांत अशक्तपणा अचानक आल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.