जुन्या युनिफॉर्मची बटणं कशी ओळखायची

चोर बाजारात मटण स्ट्रीटला पितळी बटणांचा ढीग दिसला की आधी भाव विचारू नका, बटण उलटं करा. मागे कडीभोवती बारीक अक्षरात मेकरचं नाव असतं, बहुतेकदा लंडन नाहीतर बर्मिंगहॅमचं, पण तो झाला फक्त कारखाना, बटण कुणाच्या कोटावर होतं ते पुढची बाजू सांगते.

पुढे मुकुट असेल तर त्याच्या कमानी नीट बघा, भिंग घ्या हवं तर. कमानी घुमटासारख्या गोल वर गेल्या असतील तर तो राजाचा मुकुट, साधारण 1901 ते 1952. मधे खाच पडून दबल्या असतील तर एलिझाबेथ राणीचा, म्हणजे 1953 नंतरचा, आणि तो माल शक्यतो इंग्लंडचाच, कारण आपल्याकडे 1950 पासून अशोकस्तंभाचे सिंह आले. व्हिक्टोरियाच्या काळातले मुकुट मात्र एकसारखे नसतात, तिथे नुसत्या आकारावर जाऊ नका. आणि हो, चार्ल्सने 2022 ला परत गोल कमानी आणल्यात, त्यामुळे कोरं करकरीत बटण कुणी जुनं म्हणून गळ्यात मारत असेल तर सावध!

मुकुट नाही, नुसती गुंतलेली अक्षरं असतील तर रेल्वे धरून चाला. जीआयपीआर म्हणजे आताची सेंट्रल, बीबी अँड सीआय म्हणजे वेस्टर्न, दोन्ही नावं 1951 ला गेली. पीळ दिलेल्या दोरीसारख्या पट्टीवर प्राणी किंवा हात उभा असेल तर ते बड्या घराण्याच्या नोकरांचं लिव्हरी बटण.

पितांबरीने घासू नका प्लीज, मुलामा जातो.