‘गेट’चा अर्थ पाठ न करता ओळखायचा कसा?

इंग्रजी शब्दकोशात ‘गेट’ हे क्रियापद काढलं की अर्थांची रांगच लागते: मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे. ही रांग पाठ करण्यात अर्थ नाही. मराठीतलं ‘लागणे’ तरी आपण कुठे पाठ केलं होतं? भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, वाटेत नदी लागते, पोहोचायला तास लागतो, आणि ‘जावं लागलं’ म्हटलं की सक्ती येते. शेजारी कोण बसलंय त्यावर अर्थ ठरतो. ‘गेट’चंही तसंच आहे, फक्त त्याचा शेजारी पुढे बसतो. तेव्हा यादी मिटा आणि ‘गेट’च्या पुढचा शब्द बघा.

आधी रूपं पक्की करा

भूतकाळात ‘गॉट’. तिसरं रूप ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉट’, अमेरिकन इंग्रजीत बहुधा ‘गॉटन’. दोन्ही बरोबर, पण एका लेखात एकच धरा. प्रश्न आणि नकार करताना ‘डिड’ आला की ‘गॉट’चा पुन्हा ‘गेट’ होतो: ‘डिड यू गेट माय मेसेज?’ ‘डिड यू गॉट’ कानावर कितीही पडत असलं तरी ते चूकच.

पहिली पायरी: पुढे वस्तू आहे, गुण आहे की ठिकाण?

पुढे नाम असेल तर काहीतरी हाती येतंय. ‘आय गॉट अ लेटर’ म्हणजे पत्र आलं. ‘शी गॉट द जॉब’ म्हणजे तिला नोकरी मिळाली. मध्ये माणूस आला तर कुणीतरी कुणासाठी काही आणतंय: ‘गेट मी द कीज’, किल्ल्या आणून दे. पुढे ‘इट’, ‘द जोक’ किंवा ‘द पॉइंट’ असेल तर हाती येतो तो अर्थ: ‘आय डोन्ट गेट इट’, मला कळलं नाही.

पुढे विशेषण असेल तर ‘होणे’. इथे ‘बी’ आणि ‘गेट’ यांतला फरक नीट धरून ठेवा. ‘ही वॉज अँग्री’ म्हणजे तो रागात होता. ‘ही गॉट अँग्री’ म्हणजे तो चिडला. पहिल्यात स्थिती आहे, दुसऱ्यात बदल. हा बदल हळूहळू होत असेल तर ‘गेटिंग’ वापरतात आणि मराठीत त्याला ‘-त चाललंय’ची जोड छान बसते: ‘इट्स गेटिंग डार्क’, अंधार पडत चाललाय, ‘हिज कॉफ इज गेटिंग वर्स’, त्याचा खोकला वाढत चाललाय.

‘मला उशीर होतोय’ या वाक्याचं आपल्याकडे सर्रास ‘आय ॲम गेटिंग लेट’ होतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस असं म्हणत नाही. ‘इट्स गेटिंग लेट’ म्हणतो, म्हणजे बरीच वेळ झाली, रात्र झाली. स्वतःला उशीर होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’.

पुढे ठिकाण असेल तर ‘पोहोचणे’. ‘वी गॉट टु द स्टेशन ॲट नाइन.’ ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ यांच्याआधी मात्र ‘टु’ लावायचा नाही: ‘आय गॉट होम’. ‘गॉट टु होम’ खटकतं.

दुसरी पायरी: पुढे तिसरं रूप असेल तर थांबा

‘ही गॉट फायर्ड’, त्याला कामावरून काढलं. ‘माय फोन गॉट स्टोलन’, फोन चोरीला गेला. हा कर्मणी प्रयोगच, पण ‘वॉज’पेक्षा बोलीतला, आणि बहुधा अचानक किंवा वाईट घडलेल्या गोष्टीसाठी. आनंदाचा ठळक अपवाद ‘गॉट मॅरिड’. कुणाशी लग्न झालं ते सांगताना त्यापुढे ‘टु’ येतो, ‘विथ’ नाही.

‘गेट’ आणि तिसरं रूप यांच्या मध्ये वस्तू आली की अर्थ बदलतो. मराठी माणूस नेमका इथे अडखळतो, कारण मराठी या बाबतीत सढळ आहे. ‘मी कालच केस कापले’ असं आपण खुशाल म्हणतो. कात्री दुसऱ्याच्या हातात होती हे सांगायची गरज पडत नाही. तेच ‘आय कट माय हेअर’ असं इंग्रजीत गेलं की ऐकणारा तुमच्या डोक्याकडे काळजीने बघतो, कारण त्याला तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवलेली दिसते. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर ‘आय गॉट माय हेअर कट’. ‘घड्याळ दुरुस्त केलं’, ‘घर रंगवलं’, ‘डोळे तपासले’ या सगळ्यांना हाच नियम: ‘गेट’, मग वस्तू, मग तिसरं रूप. इंग्रजीत बोलण्याआधी स्वतःला एकच विचारा: हात माझे होते का?

तिसरी पायरी: ‘टु’ आणि पुढे क्रियापद

‘आय गॉट टु सी हर’ म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. संधीचा अर्थ. मराठीतला ‘-यला मिळणे’ इथे जसाच्या तसा चालतो. आता त्यात एक ‘हॅव’ घाला: ‘आय हॅव गॉट टु सी हर’. अर्थ झाला, मला तिला भेटायलाच हवं. संधीची सक्ती झाली. घाईच्या बोलण्यात हा ‘हॅव’ जवळजवळ गिळला जातो आणि ‘गॉट टु’चा ‘गॉटा’ होतो. ‘आय गॉटा गो’ म्हणजे निघायला हवं. जाण्याची संधी मिळाल्याचा आनंद त्यात नसतो.

‘गेट टु नो’बद्दलही सावध राहा. ‘मला काल कळलं’ यासाठी आपण ‘आय गॉट टु नो यस्टरडे’ म्हणतो. भारतात ते चालून जातं. बाहेर ‘गेट टु नो’ म्हणजे एखाद्याशी हळूहळू ओळख वाढणे. बातमी कळली तर ‘आय फाउंड आउट’ किंवा ‘आय हर्ड’.

मध्ये माणूस आला की दुसऱ्याला तयार करणे: ‘आय गॉट हर टु टॉक’, मी तिला बोलतं केलं. त्यात समजावणं, मनवणं आहे. ‘आय मेड हर टॉक’मध्ये जोर आहे, आणि त्यात ‘टु’ येत नाही.

चौथी पायरी: चिमुकले शब्द

‘अप’, ‘ऑन’, ‘ओव्हर’, ‘बाय’ असे शब्द पुढे आले की तर्क फार पुरत नाही. हे जोड मात्र शिकावेच लागतात. सगळे एकदम नकोत. उठण्यासाठी ‘गेट अप’, आजारातून किंवा धक्क्यातून सावरण्यासाठी ‘गेट ओव्हर’, जेमतेम भागवण्यासाठी ‘गेट बाय’, पटण्यासाठी ‘गेट अलाँग’ आणि चूक करूनही शिक्षा न होता निसटण्यासाठी ‘गेट अवे विथ’. एवढ्यावर बरेच दिवस निघतात.

चढण्या-उतरण्यात थोडा तर्क आहे. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, ट्रेन, विमान, त्यात ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. सायकल आणि घोडा यांवर बसतो, म्हणून तिथेही तेच. कारमध्ये वाकून शिरावं लागतं, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. बसमधून ‘गेट डाउन’ हे खास भारतीय इंग्रजी. शिडीवरून किंवा झाडावरून उतरताना ते बरोबर.

शेवटी, ‘गेट’ कुठे टाळायचं?

अर्ज, अहवाल, कार्यालयीन पत्र. तिथे ‘गेट’ चूक नसतं, सैल वाटतं. पत्र मिळालं तर ‘रिसीव्ह’, परवानगी मिळवली तर ‘ऑब्टेन’, झालं तर ‘बिकम’, पोहोचलं तर ‘अराइव्ह’. उलट मित्राला ‘आय हॅव ऑब्टेन्ड अ न्यू फोन’ असं लिहू नका. ‘आय गॉट अ न्यू फोन’ लिहा.