कोड बरोबर, तरी चालेना? आधी व्हर्जन बघा. या चुका टाळा

"सर, मघापासून चालंनाच बघा हे."

औशाकडच्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीने लातूरला येणारी माझी एक विद्यार्थिनी. घरी मोबाईलवर व्हिडिओ बघून तिने आठ ओळींचा पायथन प्रोग्राम वहीत उतरवला होता: गावाचं नाव आणि पाऊस टाकायचा, मग एका ओळीत दोन्ही छापायचं. कॉलेजच्या लॅबमध्ये टाईप केला तर 'इनव्हॅलिड सिंटॅक्स'. बाणाचं टोक प्रिंटच्या ओळीत, शेवटच्या अवतरणचिन्हाखाली. तिने ते चिन्ह खोडून पुन्हा टाकलं. मग दुहेरीचं एकेरी केलं. मग सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला. दोन तास गेले, आणि माझ्याकडे आली तेव्हा मोबाईलमध्ये स्क्रीनचा फोटो होता आणि डोळे भरलेले.

फोटोत कोड बरोबर होता, अक्षर न् अक्षर. मी तिला म्हटलं, "बाळा, परत जा आणि त्याच मशीनवर व्हर्जन बघून त्याचा फोटो पाठव." फोटो आला: ३.५.२. तिथेच उलगडा झाला. अवतरणचिन्हाआधी 'एफ' लावून लिहायची सोय, म्हणजे एफ-स्ट्रिंग, पायथनमध्ये आली ३.६ पासून, डिसेंबर २०१६ मध्ये. ३.५ ला तो 'एफ' काय आहे हेच कळत नाही. 'एफ' काढून त्या जागी जुनी फॉरमॅटची पद्धत वापरली आणि प्रोग्राम चालला.

हे मी इतक्या कळकळीने लिहितोय, कारण आपल्याकडची लेकरं अशा वेळी मशीनवर शंका घेत नाहीत, स्वतःवर घेतात. 'मला जमत नाही' असं ठरवून मोकळी होतात. चूक मात्र त्यांची नसते.

'सिंटॅक्स एरर' म्हणजे आपलीच चूक, असं धरून चालणे

त्या एररचा खरा अर्थ एवढाच, की समोरच्या पायथनला ही ओळ वाचता आली नाही. कोड जसाच्या तसा उतरवलेला असेल, कंस आणि मोकळ्या जागा तपासून झाल्या असतील, तर ती ओळ व्हर्जनपेक्षा नवी आहे का ते बघा. कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून लिहिलेलं दिसलं तर निदान ३.८ लागतं. मॅच-केस असेल तर ३.१०. दोन डिक्शनरी उभ्या रेघेने जोडल्या असतील तर ३.९, पण तिथे सिंटॅक्स एरर येत नाही, 'टाईप एरर' येते, म्हणून शंकाही येत नाही.

व्हर्जन एकीकडे बघणे, कोड दुसरीकडे चालवणे

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. एका मशीनवर दोन-तीन पायथन असू शकतात. उबुंटू १६.०४ चंच घ्या. तिथे नुसतं 'पायथन' टाईप केलं की २.७ उघडतं, 'पायथन३' टाईप केलं की ३.५. विंडोजवर एडिटरमधलं बटण एक पायथन वापरतं आणि काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) वेगळंच उत्तर येतं. त्यामुळे व्हर्जन प्रोग्रामकडूनच वदवून घ्यावं: सिस हे मॉड्यूल इम्पोर्ट करायचं आणि त्यातलं व्हर्जन आणि एक्झिक्युटेबल प्रिंट करायचं. दुसऱ्यातून नेमकं कुठल्या फोल्डरमधलं पायथन चालतंय ते कळतं.

इथे बरेच जण फसतात. या ओळी बिघडलेल्या फाईलच्याच डोक्यावर टाकतात आणि म्हणतात, 'सर, व्हर्जनसुद्धा छापत नाही.' पायथन आधी अख्खी फाईल वाचून बघतो. खाली कुठेही सिंटॅक्स अडला, तर पहिली ओळसुद्धा चालत नाही. म्हणून तीन ओळींची वेगळी फाईल करा आणि ती त्याच बटणाने किंवा त्याच कमांडने चालवा.

लायब्ररी टाकूनही 'मॉड्यूल सापडत नाही' येत असेल तर कारण बहुधा तेच. पिप (लायब्ररी टाकायची कमांड) एका पायथनचा, कोड दुसऱ्यावर.

एरर नाही म्हणजे उत्तर बरोबर, असं मानणे

पायथन २ ला अधिकृत आधार मिळणं १ जानेवारी २०२० ला थांबलं, पण जुन्या मशीनवर तो अजून भेटतो. दोन दिवसांत १७ मिलिमीटर पाऊस झाला, रोजची सरासरी काढा म्हटलं तर पायथन ३ सांगतो ८.५ आणि पायथन २ सांगतो ८. लाल अक्षर कुठेही दिसत नाही. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की तो दशांश टाकून देतो. इनपुटही वेगळं वागतं, तिथे मात्र एरर येते: इंग्रजी अक्षरांत Latur असं टाईप केलं की पायथन २ त्याला व्हेरिएबल समजून शोधायला जातो आणि 'नेम एरर' देतो.

मराठीत काम करणाऱ्यांनी तर फारच जपावं. 'लातूर' या शब्दाची लांबी पायथन ३ मध्ये ५ येते, कारण काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगची तीच लांबी १५ येते, कारण तो यूटीएफ-८ चे (अक्षरं साठवायच्या पद्धतीचे) बाइट मोजतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. डोळ्यांना दिसतात तीन अक्षरं. पायथन २ ला पहिली तीन अक्षरं कापून घ्या म्हटलं, तर हाती फक्त 'ल' लागतो.

टर्बो सी++ हा जुना कंपायलर वापरणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो. तिथे इंटमध्ये, म्हणजे साध्या पूर्णांकाच्या डब्यात, ३२,७६७ च्या पुढची संख्या मावत नाही. ८ चं फॅक्टोरियल ४०,३२० यायला हवं, तिथे येतं उणे २५,२१६. लॉजिक बरोबर असतं, डबा छोटा असतो. लाँग वापरा.

घाईने सगळं उपटून नवं टाकणे

विंडोज ७ असेल तर पायथन ३.९ आणि त्यापुढचं चालत नाही, ३.८ हे शेवटचं. तिथे नवा इन्स्टॉलर पुन्हा पुन्हा डाउनलोड करून डेटा पॅक संपवू नका. उबुंटूवर तर सिस्टीमसोबत आलेलं पायथन कधीच काढू नका. सिस्टीमची स्वतःची कितीतरी कामं त्यावर चालतात, डेस्कटॉपच बिघडेल. नवं व्हर्जन शेजारी टाकावं, जुन्याला हात लावू नये. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टच्या लायब्ऱ्यांसाठीचा वेगळा कप्पा) केल्याने व्हर्जन नवं होत नाही. ज्या पायथनने ते बनवलं, तेच त्यात राहतं.

लॅबच्या मशीनवर काही टाकायची परवानगी नसेल तर मोबाईलवर पायड्रॉइड हे ॲप किंवा नेट असेल तर ब्राउझरमध्ये गूगलचं कोलॅब वापरून सराव करावा. फक्त एक लक्षात असू द्या: तिथलं व्हर्जन लॅबपेक्षा नवं असणार आणि प्रॅक्टिकल परीक्षा लॅबमध्येच होणार. परीक्षेच्या आठवडाभर आधी सगळे प्रोग्राम लॅबच्या मशीनवर एकदा चालवून घ्या.

लॅब सांभाळणाऱ्या शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे. प्रत्येक मॉनिटरच्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवा: या मशीनवर पायथन अमुक व्हर्जन. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सकाळी सहाच्या एसटीने आलेल्या लेकराचे दोन तास वाचतात.