जहाजावरच्या रात्रीच्या जेवणाला काय नेसावे, काय घालावे

मुंबई बंदरातून सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजसहली सुरू झाल्या आणि नांदेड, परभणी, लातूर, जालना अशा समुद्रापासून दूरच्या गावांतील कुटुंबांनाही आजी-आजोबा, सुना, नातवंडे असे सारे मिळून दोन-तीन रात्री समुद्रावर घालवणे परदेशी न जाता शक्य झाले. दिवाळीच्या सुट्टीत असा बेत ठरला की तिकिटांच्या पाठोपाठ घरात कपड्यांचा प्रश्न निघतो. जहाजावर रात्रीच्या जेवणाला ‘ड्रेस कोड’ असतो असे कोणीतरी सांगितलेले असते, आणि मग कोट शिवायला टाकावा का, मुलींना गाऊन घ्यावा का, आजोबांचे धोतर चालेल का, अशी चर्चा सुरू होते. माझे मत असे की यासाठी नवीन काहीही विकत घेण्याची गरज नाही. लग्नसराईसाठी आणि सणावारासाठी मराठवाड्यातील घराच्या कपाटात जे असते, ते या जेवणाला पुरून उरते. विचार करायचा तो कापडाचा, कारण आपल्याकडची कोरडी हवा आणि समुद्रावरची दमट हवा यांत कापड फार वेगळे वागते.

आधी नियम समजून घ्यावा. कौटुंबिक सहलीच्या जहाजांवर दिवसभर कसलेही बंधन नसते. मुख्य भोजनगृहात संध्याकाळी मात्र ओले किंवा पोहण्याचे कपडे, बिनबाह्यांचे बनियन आणि अनवाणी पाय बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, आणि काही कंपन्यांना पुरुषांची अर्धी विजारही रात्री चालत नाही. एरवी स्वच्छ, नीटनेटका पोशाख एवढीच अपेक्षा असते. यांशिवाय सहलीतील एखादी संध्याकाळ खास नटण्यासाठी राखून ठेवण्याची प्रथा अनेक जहाजांवर आहे. कार्निव्हल या अमेरिकी कंपनीकडे पाच दिवसांपर्यंतच्या सहलीत अशी एक संध्याकाळ असते आणि त्याहून मोठ्या सहलीत दोन. कोणत्या दिवशी काय घालायचे हे कंपनीच्या संकेतस्थळावर, मोबाइलवरच्या ॲपमध्ये किंवा आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले असते. ते निघण्यापूर्वीच वाचून ठेवावे. साडी, सलवार-कमीज, शेरवानी, बंद गळ्याचा कोट हे पोशाख अशा संध्याकाळी पूर्णपणे औपचारिक मानले जातात, त्यामुळे टाय आणि सूट यांची चिंता सोडून द्यावी. ज्यांना त्या दिवशी अजिबात नटायचे नाही त्यांच्यासाठी बुफेचे भोजनगृह उघडे असते आणि तिथे साध्या कपड्यांत जेवले तरी चालते. पण शक्य असेल तर ही एक संध्याकाळ सोडू नये. सगळे कुटुंब एकाच वेळी तयार होऊन एका टेबलाभोवती बसते, असे प्रसंग लग्नकार्याबाहेर आपल्याकडे क्वचितच येतात, आणि लग्नात तर घरच्यांना निवांत जेवायलाही मिळत नाही.

आता कापडाकडे वळतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात सुती कपड्याला पर्याय नाही आणि खळ घातलेल्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीचा रुबाब आपल्याला फार प्रिय आहे. समुद्रावर ही सवय बाजूला ठेवावी. दमट हवेत खळ नरम पडते, सुती कापड तासाभरात चुरगळते आणि धुतलेला कपडा खोलीत दोन दिवस ओलसर राहतो. इस्त्रीचा मार्गही बंद असतो, कारण आगीच्या धोक्यामुळे बहुतेक सर्व जहाजांवर प्रवाशांना खोलीत इस्त्री किंवा वाफेचे यंत्र वापरण्यास मनाई आहे. सामान चढवताना इस्त्री सापडली तर ती काढून घेतात आणि उतरताना परत देतात. जहाजाचा धोबीखाना पैसे घेऊन इस्त्री करून देतो, पण नटण्याच्या संध्याकाळी तिथे गर्दी असते. म्हणून जॉर्जेट, क्रेप, शिफॉन किंवा सुती-रेशमी मिश्र कापड निवडावे. ते कमी चुरगळते आणि घडीतून काढल्यावर लवकर सरळ होते. राहिलेली सुरकुती घालवायची असेल तर गरम पाण्याने अंघोळ करताना कपडा न्हाणीघरात, पाणी उडणार नाही अशा जागी, हँगरवर टांगावा. वाफेने बऱ्याच सुरकुत्या मोडतात. जरीच्या साडीवर मात्र हा उपाय कधीही करू नये.

पैठणीचा प्रश्न स्वतंत्रपणे घ्यावा लागतो, कारण पैठण आपल्याच जिल्ह्यांतले आणि घरातील सर्वांत मोलाचे वस्त्र नटण्याच्या संध्याकाळी नेसावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ती जरूर न्यावी, पण काही पथ्ये पाळून. हातमागावरच्या अस्सल पैठणीत वेलबुट्टी आणि मोर धाग्यात धागा अडकवून विणलेले असतात, त्यामुळे मागच्या बाजूला लोंबते धागे नसतात आणि दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. खुर्चीच्या कडेला किंवा मुलांच्या बोटांत तिचा धागा सहसा अडकत नाही. यंत्रमागावरच्या साडीत पाठीमागे मोकळे धागे असतात, म्हणून तिला पदरापर्यंत अस्तर किंवा जाळी लावून घ्यावी. दोन्ही प्रकारांत खरा धोका जरीला आहे. चांदीची जर खाऱ्या, दमट हवेने आणि अत्तराने काळवंडते. त्यामुळे पैठणी नेसून उघड्या डेकवर फार वेळ उभे राहू नये, अत्तर नेसण्यापूर्वी मनगटाला आणि मानेला लावून ते वाळू द्यावे, आणि साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता जुन्या मऊ सुती कापडात किंवा मलमलीत गुंडाळून न्यावी. छायाचित्र डेकवर काढायचेच असेल तर सूर्यास्ताच्या आधी थोडा वेळ जाऊन, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन काढावे. समुद्रावरचा वारा एका पिनेने आवरणारा नसतो. आजीने आईला आणि आईने लेकीला दिलेली जुनी, घडीवर विरलेली पैठणी असेल तर ती घरीच राहू द्यावी आणि साधी रेशमी काठपदराची साडी न्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्या आजी रोज नऊवारी नेसतात त्यांना सहलीपुरती सहावारी नेसायला लावू नये. काष्ट्याच्या लुगड्यात पाय मोकळे राहतात, निऱ्या पायात येत नाहीत आणि हलत्या जहाजाच्या जिन्यावर तेच सर्वांत सुरक्षित ठरते. मराठवाड्यात घरोघरी असलेले इरकली लुगडे या जेवणाला अत्यंत शोभून दिसते. अडचण जागेची आहे. जहाजावरची साधी खोली दीडशे-दोनशे चौरस फुटांची असते, त्यात चार माणसांचे पलंग असतात आणि नऊ वार कापड पसरायला जागा उरत नाही. घरातील बाकीच्यांनी त्या वेळी अर्धा तास बाहेर फिरून यावे, हाच त्यावर उपाय आहे.

आजोबांच्या बाबतीतही तेच. पांढरे धोतर, सदरा, त्यावर कोट आणि डोक्यावर टोपी किंवा पटका हा पूर्ण औपचारिक पोशाख आहे आणि कोणत्याही भोजनगृहात तो अडवला जाण्याचे कारण नाही. धोतराचा सोगा मात्र थोडा आखूड ठेवावा. मधल्या पिढीतील पुरुषांनी साध्या संध्याकाळी कॉलरचा सदरा आणि पूर्ण विजार घालावी, आणि खास संध्याकाळी रेशमी किंवा मिश्र कापडाचा झब्बा व त्यावर नेहरू जाकीट घालावे. एकच गडद रंगाचे जाकीट दोन वेगळ्या झब्ब्यांवर चालते आणि सामान वाचते.

हिमरूबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. जहाजाची भोजनगृहे फार थंड ठेवतात. बाहेर घाम येत असताना आत शिरल्यावर पंधरा मिनिटांत वयस्करांचे खांदे आखडतात आणि लहान मुले कुडकुडू लागतात. अशा वेळी स्वेटर घातला तर सगळी सजावट झाकली जाते. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल यासाठीच जणू विणली आहे. सुती ताणा आणि रेशमी बाणा यांच्या या कापडाची परंपरा महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली त्या काळापर्यंत मागे नेली जाते. नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला मोकळे राहत असल्याने कापडाला आतून मऊ थर मिळतो आणि शाल हलकी असूनही ऊब देते. साध्या रंगाच्या साडीवर किंवा आजोबांच्या कोटावर ती घेतली की तो पोशाख आपोआप खास संध्याकाळचा होतो. तेच मोकळे धागे अंगठीच्या खड्यात किंवा बांगडीच्या टोकात अडकतात, म्हणून शाल घेताना टोकदार दागिने काढून ठेवावेत. यंत्रावर विणलेल्या नक्षीच्या शाली हिमरू म्हणून सर्रास विकल्या जातात. घरात हातमागाची असेल तर तीच न्यावी.

दागिन्यांत संयम ठेवावा. मंगळसूत्र, कानातले आणि एखादी ठुशी किंवा मोत्यांचा तन्मणी पुरे आहे. खोलीत छोटी तिजोरी असते, पण रोज काढघाल करायचे जड सोने प्रवासात नेणे म्हणजे सहलीभर त्याचीच राखण करणे होय. पैशांची गरज जेवताना पडत नाही, कारण जहाजावरचा सगळा हिशेब खोलीच्या कार्डावर होतो. ते कार्ड मात्र प्रत्येकाजवळ हवे, म्हणून साडीबरोबर कमरेला खोचायचा बटवा न विसरता घ्यावा.

पायताणांबाबत एकच आग्रह आहे की टाच सपाट आणि तळ खरखरीत असावा. कातडी तळाच्या कोल्हापुरी चपला ओल्या डेकवर घसरतात आणि भिजल्या की फुगतात. त्या भोजनगृहापुरत्या ठीक आहेत. जेवणाच्या वेळेला लिफ्टसमोर रांग लागते आणि जिन्यानेच जावे लागते, तेव्हा उंच टाचेचा त्रास कळतो.

लहान मुलींसाठी खणाचे परकर-पोलके आणि मुलांसाठी झब्बा-विजार घ्यावी, पण दिवाळीचे अगदी नवे कपडे नेऊ नयेत. नवे कापड टोचते आणि मूल जेवणभर कुरकुरते. एकदा-दोनदा धुतलेले, मऊ झालेले कपडे बरे. अनेक जहाजांवर जेवणाच्या दोन पाळ्या असतात, एक साधारण सहाच्या आसपास आणि दुसरी आठच्या पुढे. लहान मुले असतील तर नोंदणी करतानाच पहिली पाळी मागून घ्यावी, आणि नटण्याच्या दिवशी छायाचित्रे जेवणाआधी काढावीत. जेवणानंतर आमटीचे किंवा टोमॅटोच्या सॉसचे डाग पडलेलेच असतात. रेशमावर डाग पडला तर तो चोळू नये. कोरड्या रुमालाने टिपून घ्यावा आणि डाग तेलकट असेल तर त्यावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर तसाच ठेवावा. हळदीचा डाग पाण्याने घालवण्याचा प्रयत्न जहाजावर करूच नये, तो घरी आल्यावर ड्रायक्लीनला द्यावा.

सामान बांधताना दोन रात्रींचा वेगळा विचार करावा लागतो. पहिली रात्र चढण्याची. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलेले कुटुंब दुपारी जहाजावर पोहोचते, मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतल्या जातात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला कधी कधी संध्याकाळ उलटते. त्यामुळे पहिल्या जेवणाचा प्रत्येकाचा एक जोड, शाल आणि रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. बरीचशी कुटुंबे पहिल्या रात्री प्रवासातल्या चुरगळलेल्या कपड्यांतच जेवायला बसतात, ते केवळ ही पिशवी वेगळी न भरल्यामुळे. दुसरी विचार करण्याची रात्र शेवटची. अनेक जहाजांवर त्या रात्री जेवणानंतर बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी बंदरावरच परत मिळतात. म्हणून दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि चपला आधीच बाजूला काढून ठेवाव्यात, आणि नटण्याची संध्याकाळ शेवटच्या दिवशी असेल तर पैठणी घाईने मोठ्या बॅगेत न कोंबता हातातल्या पिशवीतच घ्यावी.

घरी पोहोचल्यावर रेशमी साड्या, शाली आणि जाकिटे लगेच कपाटात ठेवू नयेत. आपल्याकडच्या कोरड्या हवेचा इथे उपयोग होतो. सावलीत, उन्हाची तिरीप येणार नाही अशा खोलीत दोरीवर मऊ चादर टाकून त्यावर साडी एक दिवस पसरावी, जरीचा भाग मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसावा आणि मग पूर्वीपेक्षा वेगळ्या जागी घड्या घालून सुती कापडात बांधून ठेवावी. डांबरगोळ्या त्या बांधणीत थेट ठेवू नयेत.