मराठी शाळेतून सायन्सला जाताना: शब्दांच्या तयारीत माझं काय चुकलं

दहावीला मला 625 पैकी 548 गुण होते. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेतून त्या वर्षी सायन्सला गेलेल्या आम्ही तिघीच. बेळगावच्या कॉलेजात फिजिक्सची पहिली टेस्ट झाली आणि मला 25 पैकी 6 पडले. परतीच्या बसमध्ये तो पेपर मी दप्तरातून बाहेरच काढला नाही. घरी आईला सांगितलं, अजून तपासून दिले नाहीत. ते खोटं मला अजून टोचतं.

आता मी आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. दर उन्हाळ्यात कुणीतरी पालक विचारतातच, "बाई, इंग्रजी शब्द पाठ करायला कुठलं पुस्तक घेऊ?" कुठलंच घेऊ नका. मी तेच केलं होतं. दहावीच्या सुट्टीत दोनशे पानी वही घेतली, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. जडत्व म्हणजे इनर्शिया, संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन. नऊशेच्या वर शब्द झाले आणि सगळे पाठ. टेस्टमध्ये त्यातला एकही अडला नाही. तरीही 6.

कारण नीट सांगते, कारण दरवर्षी मुलं इथेच पडतात. चूक की बरोबर ते लिहून कारण द्या, असा प्रश्न होता आणि वाक्य होतं, "अ बॉडी ॲट रेस्ट रिमेन्स ॲट रेस्ट अनलेस इट इज ॲक्टेड अपॉन बाय ॲन एक्स्टर्नल फोर्स." बॉडी म्हणजे वस्तू, रेस्ट म्हणजे स्थिर, एक्स्टर्नल म्हणजे बाह्य, फोर्स म्हणजे बल. सगळे शब्द वहीतले. 'अनलेस' वहीत नव्हता, कारण तो कुठल्या धड्याच्या शेवटी शब्दार्थात येत नाही. मी तो 'जर'सारखा वाचला. म्हणजे बाहेरून बल लावलं तर वस्तू स्थिर राहते, असा अर्थ लागला. हे चूक, असं ठामपणे लिहून खाली चार ओळी कारणही दिलं. तो न्यूटनचा पहिला नियम होता. नववीत हाच नियम मी मराठीत घडाघडा म्हणत होते, 'जोपर्यंत बाह्य बल क्रिया करत नाही, तोपर्यंत...' आपल्या वाक्यात 'जोपर्यंत' आणि 'नाही' दोन्ही कानावर पडतात. इंग्रजीत तो नकार त्या एका शब्दाच्या पोटात असतो आणि शब्दही वाक्याच्या मध्येच येतो. कठीण शब्द ओळखीचे निघाल्यामुळे मला वाक्य समजलं असंच वाटलं. न कळलेला शब्द दिसतो तरी, हा दिसतसुद्धा नाही.

केमिस्ट्रीत तसंच. 'अकाउंट फॉर द फॉलोइंग' म्हणजे पुढील बाबींची कारणे द्या. मला अकाउंट म्हणजे बँकेतलं खातं एवढंच माहीत, म्हणून तो प्रश्न कोरा सोडला. उत्तर येत होतं. सोडियम आणि क्लोरिनचं अणुवस्तुमान 23 आणि 35.5 'रिस्पेक्टिव्हली', यातलं 'अनुक्रमे' कळायला मला दिवाळी उजाडली.

न्यूझीलंडमध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषा-अभ्यासक बाईंनी 2000 साली अशा शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली, 570 शब्दकुळांची, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ. कुठल्या एका विषयाचे नव्हेत, तर सगळ्या विषयांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा येणारे शब्द, जसे अझ्यूम, डिराइव्ह, व्हेअरॲज, हेन्स. यादी मुळात विद्यापीठातल्या वाचनासाठी केलेली आहे, तेव्हा आठवीच्या पोरांच्या हातात ती देऊन पाठ करून घेऊ नका. पण दुखणं कुठं आहे ते तिच्यावरून कळतं.

मग करायचं काय? विज्ञानाचं मराठी पुस्तक आणि त्याच इयत्तेचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक शेजारी ठेवा. आपल्या राज्याची पाठ्यपुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. धडा तोच, आकृत्या त्याच. रोज एकच परिच्छेद, आधी मराठी, मग इंग्रजी. वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, अख्खं वाक्य लिहायचं आणि त्याखाली ते वाक्य आपल्या घरच्या मराठीत. स्वाध्यायातले प्रश्न तर आधी घ्या, उत्तरं नंतर. दिवसाला पाच वाक्यं पुष्कळ झाली. मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करणाऱ्या मुलाला मी चिडते, कारण तिथे वाक्य त्याच्या डोक्यातून जातच नाही. आणि तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या क्लासला पैसे घालू नका. तिथे हॉटेलात चहा मागायला शिकवतात, 'अनलेस' नाही.

कन्नडचं वेगळं सांगायला हवं. आपल्या मुलांना कन्नडही पेपराला असतं आणि संस्कृतातून आलेले शब्द दिसले की ती बिनधास्त होतात. कन्नडमध्ये 'व्यवसाय' म्हणजे शेती, 'उद्योग' म्हणजे नोकरी, 'अनुमान' म्हणजे संशय. समाजशास्त्राचा कन्नड उतारा मराठी अर्थाने वाचला की सगळा उलटा होतो. असे शब्द वहीच्या मागच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

आणि "मराठी माध्यमात घातलंत तिथंच चुकलं" असं तोंडावर सांगणारे लोक भेटतील. मला एका नातेवाइकांनी सांगितलं होतं, तेही त्या 6 गुणांच्या आठवड्यात. ऐकू नका. इंग्रजी माध्यमातली मुलं 'अँफिबियन' पाठ करतात. आपल्याला 'उभयचर' म्हटलं की पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारा बेडूक दिसतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही 'दोन्ही' आणि 'जीवन' हेच आहे. 'प्रकाशसंश्लेषण' तर 'फोटोसिंथेसिस'शी तुकड्याला तुकडा जुळतं. अर्थ आपल्याकडे आधीच असतो. घाबरायचं कारण नाही, पण वेळ लागतो. मला पीयूसीचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी, जवळजवळ पूर्ण लागलं आणि त्या वर्षी मी दोनदा आर्ट्सला जायचा अर्ज लिहून फाडला.

नववीतल्या मुलांनी आजच सुरुवात करावी, बल आणि गतीच्या नियमांच्या धड्यापासून. दहावीनंतरच्या सुट्टीवर ढकलू नका. पहिल्या दिवशी एकच काम करा, इंग्रजी पुस्तकातल्या त्या धड्यात जिथे जिथे 'अनलेस', 'हेन्स', 'प्रोव्हायडेड' आणि 'रिस्पेक्टिव्हली' सापडेल तिथे पेन्सिलीने गोल करा आणि मराठी पुस्तकात त्या जागी काय लिहिलंय ते शोधून काढा.